मणक्याचे चित्र आणि ते वाचणारा डॉक्टर



आजचा विषय तसा डॉक्टरांच्या शिक्षणाचा आहे. पण ज्याला पाठ आहे आणि त्या पाठीवर जो ओझे वाहतो, त्या प्रत्येकाचा या विषयाशी संबंध येतो. मणक्याचा एम. आर. आय. हा शब्द आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या तोंडी झाला आहे. ते चित्र यंत्र काढते, हे आपण जाणता. पण काढलेले चित्र वाचतो कोण, ते वाचायला तो किती वर्षे शिकतो, आणि त्या शिकण्यात उणीव राहिली तर कोणाचे काय बिघडते, हे आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

मी राहतो तेथूनच आरंभ करतो. मुंबईच्या उत्तरेस पश्चिम रेल्वेवर मीरा रोड हे स्टेशन आहे. त्याच्या पूर्वेला शांती नगर नावाची वसाहत आहे. एके काळी या परिसरात मिठागरे आणि भाताची खाचरे होती. १९८० नंतरच्या वर्षांत इथे सेक्टर पाडून इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. इथली माणसे सकाळी लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री परत येतात. आणि इथल्या पुष्कळ घरांत गावाकडचा एखादा पाहुणा असतो. कोणी कोकणातून आलेला, कोणी घाटावरून, कोणी वाडा-जव्हारकडचा. कशासाठी आलात म्हणून विचारले तर उत्तर येते, "दाखवायला आलोय." म्हणजे मुलाच्या किंवा भाच्याच्या घरी मुक्काम करायचा आणि परळच्या, शीवच्या किंवा मुंबई सेंट्रलच्या मोठ्या इस्पितळात जायचे. अशा पाहुण्याच्या काखेत एक भले मोठे पाकीट असते. त्यात काळी फिल्म आणि इंग्रजीत लिहिलेला दोन पानांचा अहवाल. पाहुण्याने तो वाचलेला नसतो. पण त्याला एक गोष्ट कोणीतरी सांगितलेली असते : "मणक्यात गॅप आहे."

श्रोते हो, हा 'गॅप' शब्द आपल्या महाराष्ट्रात इतका रुजला आहे, की त्याच्यापासूनच सुरुवात करणे बरे. गॅप म्हणजे फट. दोन मणक्यांमध्ये फट पडली म्हणून दुखते, अशी समजूत. खरी गोष्ट अशी, की दोन मणक्यांमध्ये निसर्गानेच जागा ठेवलेली असते आणि त्या जागेत एक गादी असते. बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर. पुरणपोळीची पारी आणि आतले पुरण डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. वय वाढते तशी गादीतील पाणी आटते आणि ती चपटी होते. तेव्हा मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट कमी होते. म्हणजे गॅप पडला म्हणून घाबरलेल्या माणसाला प्रत्यक्षात झालेले असते ते नेमके उलटे!

आपला कणा असा आहे : मानेचे ७ मणके, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखाली एकमेकांस जुळलेले ५ आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. एकूण ३३. त्यांच्यामध्ये २३ गाद्या. या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली येतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि त्याखाली नसांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. पायांची ताकद, पायांची संवेदना, लघवी आणि शौच यांवरचा ताबा, हे सारे या दोऱ्यांवर अवलंबून. येवढ्यासाठीच मणक्याचे चित्र वाचणे हे जबाबदारीचे काम आहे.

आता यंत्राविषयी दोन शब्द. १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यांनी हाड दिसू लागले. पण गादी, नस आणि मज्जारज्जू हे मऊ पदार्थ क्ष-किरणांच्या साध्या चित्रात दिसत नाहीत. ती उणीव एम. आर. आय. ने भरून काढली. अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली ही चित्रे काढण्याची रीत प्रसिद्ध केली, इंग्लंडात पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला वेग दिला, आणि २००३ साली दोघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात क्ष-किरण नसतात. असते एक मोठे चुंबक. नेहमीच्या दीड टेस्ला यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. आपल्या शरीरात पाणी फार, आणि पाण्यात हायड्रोजन. या हायड्रोजनचे अणुगर्भ चुंबकात एका शिस्तीत येतात. मग त्यांच्यावर रेडिओलहरी सोडतात, आणि ते ज्या लहरी परत पाठवतात त्यांवरून संगणक चित्र रचतो. ज्या जातीच्या लहरींवर माझा आवाज आपल्या घरात येत आहे, त्याच जातीच्या या लहरी. दीड टेस्लाच्या यंत्रात त्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे एफ. एम. केंद्रांच्या जराशा खाली.

इथे एक सूचना देऊन ठेवतो. हे चुंबक रात्रंदिवस चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रोग्याचा एक नातेवाईक यंत्राकडे ओढला गेला आणि त्याचा प्राण गेला. तेव्हा त्या खोलीच्या दारावरचा माणूस थांबा म्हणाला, तर थांबावे. शरीरात पेसमेकर, सळई किंवा लोखंडाचा कण असेल तर तो आधी सांगावा.

असो. चित्र निघाले. ते स्वच्छ आहे, त्यात सर्व काही दिसते आहे. मग अडचण कोठे आली? अडचण ही, की त्यात फारच काही दिसते.

२०१५ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ज्यांना पाठीचा कसलाही त्रास नव्हता अशा ३,११० माणसांच्या कण्याची चित्रे ३३ निरनिराळ्या अभ्यासांतून एकत्र करून पाहिली होती. वीस वर्षांच्या निरोगी तरुणांतही शंभरातील ३७ जणांच्या गाद्या झिजू लागल्याचे दिसले. पन्नाशीच्या माणसांत हे प्रमाण ८० होते आणि ऐंशीच्या माणसांत ९६. गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत ३०, पन्नाशीत ६० आणि ऐंशीत ८४. ही सारी माणसे धडधाकट होती, हे ध्यानात घ्या. म्हणजे डोक्याचे केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. केस पिकले म्हणून कोणी डोक्याचे ऑपरेशन करून घेत नाही. पण अहवालात 'गादीची झीज, गादी फुगलेली, नसेवर दाब' असे छापून आले, की चाळिशीचा शेतकरी नांगर धरायला भितो, शाळेतली बाई उभे राहून शिकवायला भितात, आणि कोणी शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण ठेवायला निघतो.

याची दुसरी बाजूही ऐका. २०१७ साली अमेरिकेतच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ६३ वर्षांची एक बाई. कमरेत दुखणे आणि उजव्या पायात कळ. तीन आठवड्यांच्या आत तिच्या कमरेचे एम. आर. आय. चित्र दहा निरनिराळ्या केंद्रांत काढले आणि दहा ठिकाणी ते वाचून घेतले. बाई एक, कंबर एक, दुखणे तेच. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळ्या गोष्टी नोंदवलेल्या निघाल्या. त्यांपैकी दहाही अहवालांत आढळणारी गोष्ट एकही नव्हती! काहींनी नसलेले पाहिले आणि काहींनी असलेले सोडून दिले. ज्या देशात यंत्रे आणि तज्ज्ञ यांची चणचण नाही, तिथली ही हकिगत आहे. यावरून यंत्र खोटे ठरत नाही. यंत्र किती भारी आहे यापेक्षा वाचणारा कसा तयार झाला आहे यावर रोग्याचे बरेवाईट ठरते, एवढेच यातून दिसते.

मग हा वाचणारा तयार होतो कसा?

प्रथम एम. बी. बी. एस. ची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची उमेदवारी. त्यानंतर क्ष-किरण व प्रतिमाशास्त्राची एम. डी. ही तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी. आपल्याकडे ही परीक्षा १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. १८४५ सालचे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज, १९२६ सालचे परळचे सेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेज व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय, आणि खेड्यांसाठी म्हणून १९६९ साली सेवाग्रामला निघालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, अशा ठिकाणी हे विद्यार्थी तयार होतात. पण या तीन वर्षांत त्यांना डोक्यापासून पायापर्यंत सारे शिकावयाचे असते. छातीचा एक्स-रे, गरोदर बाईची सोनोग्राफी, सी. टी. स्कॅन, मेंदू, पोट, सांधे. त्यात कण्याच्या वाट्याला वेळ थोडाच येतो. म्हणून ज्याला या कामात मुरायचे आहे तो पुढे आणखी शिकतो. कोणी एखाद्या मोठ्या विभागात वर्षभर फेलो म्हणून राहतो. कोणी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या प्रतिमाशास्त्रात डी. एम. ही आणखी तीन वर्षांची पदवी घेतो. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, बंगळूरची निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था येथे तसे शिक्षण मिळते. कोणी व्यवसाय सांभाळून शनिवार-रविवारच्या वर्गांना जातो. हे शिक्षण मीही घेतले आहे आणि पुढे थोडेफार दिलेही आहे. त्यात काय शिकवतात ते आता सांगतो.

पहिला धडा मोजण्याचा. ऐकून हसू येईल, पण मणके मोजणे हे काम सोपे नाही. काही माणसांत कमरेचा पाचवा मणका खालच्या हाडाला चिकटलेला असतो, तर काहींत कमरेला सहावा मणका असल्यासारखा दिसतो. अशा वेळी खालून मोजले तर एक आकडा येतो आणि वरून मोजले तर दुसरा. अहवालात आकडा चुकला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याने तोच धरला, तर चांगल्या मणक्यावर सुरी चालते. म्हणून विद्यार्थ्याला मानेपासून खाली मोजत यायला लावतात, आणि शंका असेल तर ती अहवालात स्पष्ट लिहायला लावतात.

दुसरा धडा रंगांचा. एकाच पाठीची दोन-तीन प्रकारांनी चित्रे काढतात. एका प्रकारात चरबी पांढरी दिसते. दुसऱ्यात पाणी पांढरे दिसते, पण चरबीही उजळच राहते. तिसऱ्यात चरबी मुद्दाम काळी करतात, म्हणजे हाडात कोठे सूज किंवा पू असेल तर तो काळोखात दिवा लावल्यासारखा उठून दिसतो. तिन्ही चित्रे शेजारी ठेवून वाचावी लागतात.

तिसरा धडा शब्दांचा. गादी फुगणे निराळे, तिचा भाग एका बाजूला पुढे येणे निराळे, कडे फाटून गर बाहेर निसटणे निराळे आणि निसटलेला तुकडा तुटून दुसरीकडे जाणे निराळे. पूर्वी जो तो आपल्या मनाने शब्द वापरी. २००१ साली अमेरिकेतील कण्याच्या आणि प्रतिमाशास्त्राच्या संस्थांनी मिळून या शब्दांचे अर्थ ठरवून दिले आणि २०१४ साली ते सुधारले. शब्दाला महत्त्व आहे, कारण रोगी घाबरतो तो शब्दाला. निसटलेला मोठा तुकडाही पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आकसतो. हे ज्याला माहीत आहे तो अहवाल बेताने लिहितो.

श्रोते हो, रेडिओवर मला चित्र दाखवता येत नाही. शब्दांनीच ते आपणांपुढे उभे करावे लागते. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरचेही तसेच आहे. दूरच्या गावातील डॉक्टरने चित्र नीट पाहिलेले नसते. त्याच्या हाती येतात ते आमचे शब्द.

चौथा धडा मला कसा मिळाला ते सांगतो. मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. वाड्याकडची एक बाई कमरेचे चित्र काढून घ्यायला आली होती. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, जन्मभर भातलावणी केलेली. मुक्काम मुलाकडे, आमच्याच शांती नगरात. सोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता : कंबरदुखी. मी चित्र पाहिले. कमरेच्या खालच्या दोन गाद्या झिजलेल्या, एक फुगलेली. मी भराभर अहवाल लिहिला आणि मोठ्या ऐटीने गुरुजींपुढे ठेवला. त्यांनी अहवालाकडे पाहिलेच नाही. चित्र पाहिले आणि विचारले, "अरे, कडेला पाहिलंस का?"

मी पाहिले नव्हते. कमरेच्या चित्रात वरच्या कडेला पाठीचे शेवटचे एक-दोन मणके येतात. तिथे, अगदी काठावर, अकराव्या मणक्याचा खालचा भाग त्या काळ्या केलेल्या चित्रात पांढरा दिसत होता. एक सापडले की आपला डोळा निवांत होतो आणि पुढचे शोधत नाही, ही माणसाची खोड आहे. आमच्या विद्येत ती फार महाग पडते. गुरुजी म्हणाले, "आता असं कर. बाहेर जा आणि बाईंना विचार, ताप येतो का."

मी बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "रोज सांजंला अंगात कसकस येतं, बाबा. भूक पन नाय. पन कोनी इचारलंच नाय."

मग सबंध कण्याचे चित्र काढले. अकराव्या आणि बाराव्या मणक्यांत दोष होता आणि शेजारी थोडा पू साचला होता. सुईने त्याचा अंश काढून तपासला. क्षय निघाला. मज्जारज्जूवर अजून दाब आलेला नव्हता. औषधे सुरू झाली, पट्टा दिला. शस्त्रक्रिया लागली नाही. माझाच अहवाल गेला असता, तर त्या बाई कमरेला मलम चोळत गावी परतल्या असत्या, आणि पाय लुळे पडले म्हणजे परत आल्या असत्या.

मणक्याचा क्षय हा आपल्याकडे दुर्मीळ रोग नव्हे. जगातील क्षयाच्या रोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि हाडांचा क्षय होतो तेव्हा सुमारे निम्म्या वेळा तो कण्यात होतो. साध्या एक्स-रेत तो दिसण्याच्या आधी हाड पुष्कळ पोखरलेले असते, एम. आर. आय. मध्ये तो लवकर कळतो. शिवाय तो एका ठिकाणी असला तर दुसऱ्याही ठिकाणी असू शकतो, म्हणून सबंध कणा पाहावा लागतो. बहुतेक रोगी औषधांनी बरे होतात, हे दाखवून देण्यात आपल्या देशातील डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. वाराणसीचे डॉ. तुली यांनी १९७५ साली आपली 'मधल्या मार्गाची' पद्धत मांडली : औषधे सर्वांना आणि शस्त्रक्रिया गरजेपुरती. भारताच्या २०१६ सालच्या मार्गदर्शनानुसार मणक्याच्या क्षयाला सामान्यतः १२ महिने औषधे द्यावयाची आणि लागल्यास ती १८ महिन्यांपर्यंत वाढवावयाची. परदेशी पुस्तकांत या रोगाला थोडीच पाने असतात. आपल्या विद्यार्थ्याने तो आपल्याच इस्पितळात, आपल्याच रोग्यांवरून शिकला पाहिजे.

पाचवा धडा असा, की चित्राला जे दिसत नाही ते ओळखावे. एम. आर. आय. रोग्याला स्वस्थ निजवून काढतात. पण काही दोष हालचालीतच उमटतात. डोके आणि मान जिथे जुळतात तिथले पहिले दोन मणके सैल झाले असतील, तर निजलेल्या माणसात ते जागच्या जागी असल्यासारखे दिसू शकतात. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन एक्स-रे काढला की घसरलेले दिसतात. हे दोन मणके पट्टी आणि स्क्रू यांनी एकमेकांस जखडण्याची एक रीत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी सहकाऱ्यासह १९९४ साली प्रसिद्ध केली आणि ती पुढे जगभर गेली. अशा शस्त्रक्रिया जिथे होतात तिथे चित्र वाचणाऱ्याला शिकण्याची मोठी सोय असते. आपण काय लिहिले आणि प्रत्यक्ष उघडल्यावर काय निघाले, हे त्याला ताडून पाहता येते. चांगल्या विभागात चित्र वाचणारे, शस्त्रक्रिया करणारे आणि औषधे देणारे डॉक्टर ठरल्या दिवशी एकत्र बसतात, एकेक चित्र लावतात आणि एकमेकांना जाब विचारतात. माझ्या मते प्रगत शिक्षणाचे मर्म या बैठकीत आहे. आपली चूक दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत कळणे, यासारखा दुसरा मास्तर नाही.

आता कोणी विचारील, हे शिक्षण मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांचे. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरला त्याचे काय? त्यालाही यातला एक हिस्सा हवा आहे. त्याने चित्र वाचायला शिकावे असे नव्हे. चित्र केव्हा काढावे आणि चिठ्ठीवर काय लिहावे, एवढे त्याने शिकावे. साधी कंबरदुखी, उसण, चमक ही बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरते. तिला पहिल्या सहा आठवड्यांत एम. आर. आय. ची गरज सहसा नसते. पण पायातील ताकद जाऊ लागली, पाऊल लटकू लागले. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली. बसण्याच्या जागेला बधिरपणा आला. ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे असले. पूर्वी कर्करोग झालेला असला. किंवा झाडावरून, बैलगाडीवरून पडणे झाले असले, तर दिरंगाई करू नये. लघवीचा ताबा जाणे आणि बसण्याच्या जागेचा बधिरपणा, या दोन्हींत तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचावे. आणि चिठ्ठीवर नुसते 'कंबरदुखी' न लिहिता आणखी एक ओळ लिहावी : किती दिवस, कोणता पाय, ताप आहे की नाही. वाड्याच्या त्या बाईंच्या चिठ्ठीवर 'संध्याकाळी ताप' एवढे दोन शब्द असते, तर मीही कडेला पाहिले असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपणांस एक विनंती आहे. गावात कागद वाचून दाखवण्यासाठी लोक अजूनही आपल्याकडेच येतात. असा अहवाल आपल्यासमोर आला, तर त्यातल्या इंग्रजी शब्दांचा अर्थ कोशात पाहून सांगू नका. 'डीजनरेशन' या शब्दाचा अर्थ कोशात 'ऱ्हास' असा सापडेल. ऐकणाऱ्याला वाटेल, आपला कणाच गेला. त्याला एवढेच सांगा, की हा कागद घेऊन डॉक्टरांकडे परत जा आणि तीन प्रश्न विचारा. पहिला, यातले माझ्या वयाला साहजिक असे काय आहे? दुसरा, जे दिसते आहे ते माझ्या दुखण्याशी, माझ्याच बाजूशी, जुळते का? तिसरा, यामुळे माझ्या उपचारात काय बदल होणार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर चित्र काढल्याचे पैसे वसूल झाले असे समजावे.

आणि शेतकरी मंडळींनो, आपणही दोन गोष्टी करा. जुनी चित्रे टाकून देऊ नका, फिल्म असो की सी. डी. नव्या चित्राचा अर्थ पुष्कळदा जुन्याशेजारी ठेवल्यावर कळतो. आणि चित्र काढायला जाल तेव्हा आपली हकिगत आपण होऊन सांगा. कोणी विचारील म्हणून वाट पाहू नका. आम्ही विचारले पाहिजे हे खरे. आता शिकवताना मी ते पहिल्याच दिवशी सांगतो. पण दिवसाकाठी पुष्कळ चित्रे पाहणारा माणूस एखादे दिवशी विसरतो.

त्या वाड्याच्या बाई पुढे मला एकदा दिसल्या. दीड-दोन वर्षांनंतर, मीरा रोड स्टेशनच्या जिन्यावर. हातात पिशवी होती आणि मुलाच्या पुढे चालत होत्या. मी ओळख दिली नाही. त्यांनी मला ओळखले असते असेही नाही. जिना मात्र त्या न थांबता चढून गेल्या.